परदेशीणीचं पासिंग

माणसानं हट्टी असावं, पण त्याला काही माप? आजारात यांचे दोन्ही पाय गेले, उजवा हात गेला, बोलणं चार-दोन शब्दांवर आलं, पण तोरा तसूभर कमी झाला नाही. चाकांची खुर्ची आणली तर तिच्यावर थुंकले. धाकट्यानं ओळखीतून एक मोठी गाडी आणली होती, मागचं दार उघडून माणसाला खुर्चीसकट आत घेणारी. यांनी डोळे मिटले ते ती गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत. शेजारचे सगळे दारात येऊन उभे, आणि धाकटा त्या ड्रायव्हरला सांगतोय, "झोप लागलीय वाटतं." झोप कसली! हे सोंग मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखते. माझ्या बापासमोरही एकदा असेच झोपले होते.

बाहेर जायचं तर परदेशीणीतून, नाहीतर नाही.

परदेशीण म्हणजे यांची मोटारसायकल. हे नाव मी ठेवलेलं. जहाजांच्या केबिनींना पॉलिश करायला हे समुद्रापार गेले होते. परत येताना बायकोसाठी एखादं चांगलं कापड आणावं, तर लाकडी खोक्यांत भरून ही सवत आणली. मला तेव्हा थोरल्याचे दिवस होते, आणि हे मागच्या शेडमध्ये नटबोल्ट मांडून बसलेले. त्यावरून मी यांना जन्मभर पुष्कळ बोलले आहे, इथं पुन्हा उगाळत नाही. काळी, अवजड, बाजूला एक माणूस बसेल असा डबा जोडलेली. तिला बनवणारा कारखाना कधीच बुडाला. तिचं स्वतःचं इंजिनही मध्ये एकदा कायमचं बसलं, तेव्हा यांनी कुठल्याशा भंगारातून तिच्याच जातीच्या गाडीचं इंजिन काढून आणून तिला घातलं. माझ्या दुखण्यात एवढी धावपळ कधी केली नव्हती.

आजारपणानंतर आठवड्याच्या सुट्टीला थोरला यांना उचलून त्या डब्यात ठेवायचा, कमरेला पट्टा बांधायचा आणि वर्कशॉपला घेऊन जायचा. लाकडी सामानाला पॉलिश करायचं ते वर्कशॉप यांनी उभं केलं, आता थोरला चालवतो. तिथं आठवड्यात झालेली टेबलं, कपाटं, पलंग रांगेनं मांडलेले असायचे. हे डाव्या अंगठ्याचं नख त्यांच्यावरून फिरवायचे. गुळगुळीत लागलं तर पुढं. जराशी खरखर लागली की म्हणायचे, "अडतंय." झालं. मग गिऱ्हाईक दारात उभं असो, ते टेबल पुन्हा घासायला जायचं. घरी येताना चेहरा असा, की राज्य जिंकून आलेत. त्या दिवशी पोटभर जेवायचे. उरलेला आठवडा छताकडे बघत पडून.

मध्ये एकदा क्लचची वायर तुटली आणि नवी मिळेपर्यंत फेरी बंद पडली. यांनी जेवण टाकलं, भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर घेतलं आणि म्हणाल्या, "औषधावर नाही हो जगत ते. त्या गाडीवर जगतायत." तेव्हा ती गाडी रस्त्यावर राहणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको होतं. ती गेली, तर हे खोलीतून बाहेर पडणार ते एकदाच, चौघांच्या खांद्यावरून.

आणि नेमका अशात जुन्या गाड्यांना पुन्हा पासिंगला न्यायचा हुकूम निघाला. तपासणीत पास झाली तर चालवा, नापास झाली तर मोडीत.

"न्यावी लागेल," थोरला म्हणाला. आम्ही स्वयंपाकघरात जेवत होतो आणि सून भांडी पुसत होती.

"आणि पास होईल ती?" धाकट्यानं विचारलं. तो वेगळा राहतो, सामान पोचवायची व्हॅन चालवतो, आणि रस्त्यावरचं सगळं आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं.

"का नाही होणार?"

"दादा, तिचा हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डब्याच्या चाकाला ब्रेक आहे की नुसती शोभा, देव जाणे. हॉर्न दिला तर वाटतं कुणाची तरी म्हैस अडलीय. सोड आता. या निमित्तानं तरी बाबा खुर्चीत बसतील."

"तू लांबून बोल. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? तू एक दिवस पाठ मोडून घेशील त्यांना उचलून. वहिनीच्या कमरेचं काय झालंय विचार तिला."

सून भांडं पुसतच राहिली.

"सांग की," मी म्हटलं. "तोंड आहे ना तुला?"

"मी काय सांगू आई? खुर्चीत बसले असते तर सोपं झालं असतं, एवढंच."

"म्हणजे तूही याच्याच बाजूनं," थोरला बायकोवर उखडला.

"बाजू कसली घेऊन बसलात? तुमच्या बाबांना आंघोळ मी घालते. बाजू घ्यायला हात रिकामे आहेत का माझे?"

मला ते उत्तर आवडलं नाही, पण होतं तोडीचं. या घरात येऊन ती माझ्याकडून एवढं तरी शिकली.

मी ताट बाजूला सारलं. "झालं तुमचं? ते आत ऐकतायत. पाय गेलेत, कान नाही गेले. परदेशीण पासिंगला जाणार. ज्याला हात लावायचाय त्यानं लावा, नाही लावायचा त्यानं तोंडही लावू नका."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला आला. तो एका कानानं बहिरा, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतो. त्यानं शेडमध्ये दिवा लावून बघितला आणि ओरडला, "काकू, हिची नजर वाकडी आहे!"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," मी म्हटलं.

तो हसला आणि मग समजावून सांगितलं. ती ज्या मुलखातून आली तिथं गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालतात. तिच्या दिव्याची काच त्या हिशेबानं घडवलेली. इथं तो उजेड समोरून येणाऱ्याच्या तोंडावर पडतो. काच बदलावी लागेल, नाहीतर पहिल्याच फटक्यात नापास. मग काय काय निघालं! ब्रेकचं अस्तर झिजून लोखंड लोखंडावर घासत होतं. मागच्या दिव्याची वायर उंदरांनी खाल्लेली. सायलेन्सरला भोक, ते यांनीच कधीकाळी पत्र्याचा तुकडा लावून बुजवलेलं. थोरला वर्कशॉप उरकून यायचा आणि कोपरापर्यंत तेलात बुडायचा.

धाकटा त्यात पडला तो माझ्या बोलण्यानं नव्हे, स्वतःच्या वजनानं. तो यांची औषधं द्यायला आला होता. डब्याच्या चाकाचा ब्रेक जुळवायचा तर डब्यात कुणीतरी जड माणूस बसायला हवा, रिकाम्या डब्यावर अंदाज येत नाही. गॅरेजवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बापाएवढाच भरलायस. बस आत!"

"मी? या डब्यात?"

"लहानपणी तर उतरत नव्हतास," थोरला म्हणाला.

दोघं मागच्या मोकळ्या मैदानावर गेले. खिडकीतून मी बघत होते. थोरल्यानं वेग घेतला, ब्रेक दाबला, आणि परदेशीण आपलंच शेपूट धरायला निघालेल्या कुत्र्यासारखी जागच्या जागी गरकन फिरली. धाकट्याची किंकाळी इथपर्यंत आली. "दादा! अरे मारतोस काय!" पुन्हा नट पिळला, पुन्हा गेले, पुन्हा फिरले. शेवटी ती सरळ थांबली. परत आले तेव्हा दोघं इतके हसत होते की थोरल्याला स्टँड लावता येईना. बापाच्या आजारपणापासून त्या दोघांचं बोलणं म्हणजे नुसता निरोपांचा व्यवहार उरला होता. मी आत जाऊन उगाचच चहा टाकला.

त्यानंतर धाकटा रोज यायला लागला. खुर्चीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

राहिले हे. यांना खाटेवरून शेड दिसायची. पहिल्या दिवशी बघत राहिले. दुसऱ्या दिवशी कण्हायला लागले. तिसऱ्या दिवशी सुनेनं तोंडाशी धरलेला कप यांनी भिंतीवर भिरकावला. मुलांनी यांना त्यांच्याच हातच्या लाकडी खुर्चीत बसवून शेडमध्ये आणलं, तरी धुसफूस चालूच. डावा हात मांडीवर नुसता उघडत होता, मिटत होता. जन्मभर कामाची सवय लागलेला हात तो. रिकामा राहिला की मालकालाच खातो.

ते सुनेनं ओळखलं. मी ओळखलं नाही, हे इथं सांगते, कारण पुढं तिलाच बोल लागणार होता. तिनं वर्कशॉपमधून आणलेला पॉलिश पेपर पाण्यात भिजवला, यांच्या डाव्या हातात दिला आणि खुर्ची परदेशीणीच्या हँडलखाली सरकवली. हँडल जिथं सांगाड्याला मिळतं ती लोखंडाची जाड मान आहे. तिथला रंग पोपडे धरून सुटला होता आणि खाली गंजानं लोखंड चरबरीत झालं होतं.

"बाबा, हे फार खडबडीत झालंय बघा," ती म्हणाली. "एवढं तुम्ही घ्या."

यांनी नख फिरवलं. "अडतंय," म्हणाले. आणि घासायला लागले.

काय सांगू! घरात शांतता आली. सकाळी यांना खुर्चीत आणून बसवायचं, ते दुपारच्या जेवणाला उठवायचं, संध्याकाळी मुलं आली की पुन्हा बसवायचं. जाड पेपर झिजला की सून त्याहून बारीक देई, मग त्याहून बारीक. हे थोडं घासणार, पाणी पुसायला लावणार, नख फिरवणार, पुन्हा घासणार. एका बाजूला दोन मुलगे नळ्या-वायरींशी झटतायत, बाजूला बाप मानेशी लागलाय, असं चित्र मी या घरात पाहीन असं वाटलं नव्हतं. हे मागून भाजी घ्यायला लागले. एकदा तर घशात काहीतरी गुणगुणले, सूर नव्हता, पण चाल होती. आणि एका दुपारी नख फिरवून गप्प राहिले. पुन्हा फिरवलं. पेपर खाली टाकला आणि हात मांडीवर ठेवून बसले. काम झालं होतं.

धाकट्यानं त्यावर काळ्या रंगाचा फवारा मारला. परदेशीण नव्यानं लग्न होऊन आल्यासारखी दिसायला लागली.

त्या संध्याकाळी मी सुनेला म्हटलं, "तुला बरं सुचलं हो." एवढंच. ती हो म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. तिनं नंतर मला सांगितलं, नळ सोडून रडली म्हणून. थोरल्याला म्हणाली होती, "एवढं एक वाक्य ऐकायला मी या घरात म्हातारी झाले." आणि मला वाटलं होतं, कपडे धुतेय.

तपासणीच्या दिवशी मी घरी यांच्यापाशी राहिले. तिथं जे झालं ते दोघा मुलांनी मला दोन तऱ्हांनी सांगितलं. धाकट्यानं आरडाओरडा करत सांगितलं आणि थोरल्यानं हातांकडे बघत. पण त्यात फरक नव्हता.

मोठं पटांगण, वर पत्र्याचं छप्पर, गाड्यांची रांग. तपासणारा साहेब ठेंगणा, गळ्यात दोरीला चष्मा. परदेशीण बघून तो खूश झाला. तिच्याभोवती फिरला, डब्यावर थाप मारली, "अशी अजून चालते?" म्हणाला. ब्रेक दाबून बघितले. सरळ थांबली. दिवा भिंतीवर टाकून बघितला. उजेड जिथं हवा तिथं. मागचा दिवा, हॉर्न, धूर, टायर, सगळं झालं. धाकट्यानं थोरल्याला कोपर मारलं. "झालं की रे!"

"आता चेसिस नंबर दाखवा," साहेब म्हणाला.

गाडीच्या सांगाड्यावर कारखान्यात ठोकलेला नंबर असतो. माणसाला जसं नाव, तसा गाडीला तो. तो कागदाशी जुळला की गाडी तुमची. परदेशीणीचं इंजिन बदललेलं, तेव्हा त्यावरचा नंबर कामाचा नव्हता. खरा नंबर एकच, मानेवर, उजव्या अंगाला. गॅरेजवाल्यानं थोरल्याला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. थोरल्यानं ते शेवटासाठी ठेवलं. रंग पुसायचा, आकडे दाखवायचे, त्यात काय? बाप मानेशी बसलेला त्याला रोज दिसत होता. उलट त्याला वाटलं, बरंच झालं, जुना रंग निघतोय, नंबर आपोआप वर येईल. बापाचा हात हलतोय, एवढंच त्यानं पाहिलं. तो हात कशावरून हलतोय, ते वाकून पाहिलं नाही. आम्ही कुणीच पाहिलं नाही.

थोरल्यानं फडक्यावर थिनर घेतलं आणि मान पुसली. काळा रंग निघाला. खाली लोखंड चकाकलं. आकडा नाही. त्यानं जोरात पुसलं. डावीकडे पुसलं, खाली पुसलं. साहेब चष्मा लावून गुडघ्यावर बसला, बॅटरी मारली, भिंग लावलं.

"हे कुणी केलं?"

"गंजानं गेला असेल," धाकटा पुढं झाला. "जुनी गाडी आहे साहेब, गंजानं..."

"गंजानं लोखंडाचा आरसा होत नाही."

थोरल्यानं तेव्हा त्या मानेवरून स्वतःचं नख फिरवलं. मला सांगताना तो तिथंच अडखळला. "आई, नख कुठंच अडलं नाही. तेव्हा मला कळलं. आपल्याकडं असा हात एकच आहे."

साहेबाला तो म्हणाला, "मी घासला. चूक झाली."

"असेल चूक," साहेब म्हणाला. "पण चोरीची गाडी आणणारेही हेच करतात, आणि तेही चूकच म्हणतात. नंबरच नाही, तर ही गाडी तुमची हे मी कशावरून म्हणू? आणि तुम्ही तरी कशावरून म्हणता?"

मग धाकट्यानं सगळं सांगितलं. बापाचे पाय, वर्कशॉपची फेरी, टाकलेलं जेवण, डॉक्टरीणबाई, सगळं. जो खुर्चीसाठी भांडत होता, तो त्या पटांगणात हात जोडून उभा राहिला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं आतून एकाला बोलावलं. तेजाब लावलं तर कधीकधी घासलेला नंबर खालून उठतो म्हणे. त्या माणसानं बोळ्यानं तेजाब लावलं, थांबला, पुसलं, पुन्हा लावलं. दोघे भाऊ त्या लोखंडाकडे बघत उभे.

"नाही," तो माणूस म्हणाला. "ठसा आधीच उथळ होता आणि घासणाऱ्यानं पार तळ गाठलाय. फार मन लावून केलंय कुणीतरी."

परदेशीण तिथंच ठेवून घेतली. बिननंबरी गाडी रस्त्यावर सोडता येत नाही आणि कुणाला परतही देता येत नाही. तिथली मोडीची कामं झाली की तिचीही पाळी येईल. थोरल्यानं डब्यातलं पांघरूण तेवढं मागून घेतलं.

इकडं यांची तयारी झाली होती. पास झाली की तशीच वर्कशॉपला चक्कर मारायची, असं थोरल्यानं सकाळी कबूल केलं होतं. सुनेनं दाढी करून दिली, कोट घातला. हे दाराकडे तोंड करून बसले. गल्लीत कुठलीही गाडी वाजली की मान कलायची, आणि ती नव्हे हे कळलं की सरळ व्हायची. मी मुलांना चालत येताना पाहिलं. एकाच्या हातात हेल्मेट, दुसऱ्याच्या काखेत पांघरूण. मी मागचं दार उघडून त्यांना स्वयंपाकघरात घेतलं. ऐकता ऐकता मी चुलीजवळच्या स्टुलावर बसले.

"बाबांना आत्ता काही सांगायचं नाही," धाकटा म्हणाला. "म्हणायचं, गर्दी होती, पुढच्या आठवड्याला बोलावलंय. मग त्याच्या पुढच्या."

"आणि मग?" थोरल्यानं विचारलं.

"मग बघू."

"मग काय बघू? मी सांगतो मी घासला म्हणून. मला शिव्या घालतील. शिव्या घालायला तरी तोंड उघडतील."

सून दाराला टेकून उभी होती. ती घसरत खाली बसली. "पेपर मी दिला," ती म्हणाली. "रोज मी दिला. संपला की नवा दिला."

"कुणी सांगितलं होतं वहिनी तुला शहाणपणा करायला?" धाकटा तिच्यावर धावून गेल्यासारखा बोलला. "एवढं कळू नये?"

"तिला बोलू नकोस," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण धाकटा मागं सरला.

"तुम्हीही बोला की मला," सून नवऱ्याला म्हणाली. "बोला. मला बरं वाटेल."

"कुणी कुणाला बोलायचं नाही," मी म्हटलं. "या बाईनं त्यांना जेवढे दिवस जगवलं तेवढे तुम्ही दोघांनी मिळून जगवले नाहीत. मी पण नाही. ऊठ गं. ऊठ, फरशी गार आहे."

ती माझा हात धरून उठली. इतक्या वर्षांत तिनं माझा हात धरला नव्हता आणि मी दिला नव्हता. धरला तो असा.

"मग काय करायचं आई?" धाकट्यानं विचारलं. तो लहानपणी काच फोडून आल्यावर विचारायचा तसा.

मी विचार केला. वर्कशॉपमध्ये एक कारागीर होता. खुर्चीचा सांधा फाकला तर त्यात लांबीचा लगदा भरायचा आणि वरून पॉलिश ओढायचा. दिसायला लाखात एक. यांनी त्याला एकदा धरलं आणि त्याच पावली बाहेर काढलं. बायकामुलं घेऊन आला तरी परत घेतलं नाही. वर्ष झालं तरी त्याचं नाव काढलं की यांच्या तोंडाला फेस यायचा. आता यांच्याशीच, खाटेवर पडलेत म्हणून, आठवड्यामागून आठवडा लांबी भरत बसायचं? मला ते जमणार नव्हतं. मला खोटं बोलता येतं, चांगलं बोलता येतं, पण यांना नख फिरवायची सवय आहे.

"चला," मी म्हटलं. "सगळे चला."

आम्ही आत गेलो. यांनी आमच्या मागं दाराकडे बघितलं. "गाडी?"

मग थोरला खुर्चीसमोर खाली बसला. "बाबा, गाडी अडकवून ठेवली त्यांनी. मानेवर नंबर असतो, तो गेला. नंबराशिवाय सोडत नाहीत. आता मोडीत काढतील." तो जरा पुढं सरकला. "मी घासला तो. मला कळलं नाही."

यांनी त्याच्याकडे बघितलं. मग डावा हात पुढं केला. "हात."

थोरल्यानं आपला हात दिला. यांनी तो उलटा केला, बोटं चाचपली, आणि जुनं लाकूड परत टाकावं तसा सोडून दिला.

"तू नाही," हे म्हणाले. तोंडाचा चालणारा कोपरा वर गेला. हसले! "तुला नाही जमत."

आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी."

ताठ बसले होते. डोळे चमकत होते. ज्या माणसाचं काम लोक चोरतात आणि त्याला ते परत मिळतं, तशी मुद्रा. धाकट्यानं तोंड फिरवलं. मी मात्र बघत राहिले, कारण मला ठाऊक होतं की उरलेलं अजून यायचंय, आणि ते आलंच. आधी कपाळावर आलं, मग डोळ्यांत. हात छातीवर होता तो हळूहळू घसरत कोटाच्या बटणांवर आला. हे कोटाकडे बघायला लागले. मग दाराकडे. मग त्या हाताकडे, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मग माझ्याकडे.

या माणसानं जन्मभर सगळ्यांच्या कामाचा निवाडा केला. मी केलेल्या भाकरीचा, मी घातलेल्या टाक्याचा, मी वाढवलेल्या मुलांचा. यांच्या कामाचा निवाडा कुणी कधी केला नव्हता, तशी कुणाची टापच नव्हती. आता तोच निवाडा हे माझ्याकडून मागत होते. मुलगे खाली बघत होते. सून माझ्या मागं उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

मी पुढं झाले आणि यांच्या कोटाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. म्हटलं, "अहो, काम चोख झालंय. त्या साहेबानं भिंग लावून बघितलं, तेजाब लावून बघितलं, कुठं नखाएवढी खूण सापडली नाही त्याला. सगळ्या जन्मात एकदा, एकदाच, जरा वाईट काम करायचं होतंत तुम्ही."